कोची पाहायची तर पाण्यावरून

केरळची सहल ठरली की वाचकांच्या शंका हमखास एकाच ठिकाणी येऊन अडतात. रेल्वेच्या तिकिटावर एर्नाकुलम, विमानाच्या तिकिटावर कोची, जुन्या पुस्तकात कोचीन, हॉटेलच्या पत्त्यात फोर्ट कोची आणि वर टॅक्सीवाला फोनवर विचारतो, "नेदुंबासेरीला उतरणार ना?" ही पाच गावं आहेत की एकच? आणि हाताशी दोनच दिवस असतील तर मुक्काम नेमका कुठे टाकायचा?

दुसरा घोळ सहलीच्या छापील कार्यक्रमात असतो. पहिल्या दिवशी विमानतळावरून तडक मुन्नार, मग थेक्कडी, मग अलप्पुळा आणि शेवटच्या दिवशी 'वेळ मिळाल्यास कोची दर्शन'. हे दर्शन म्हणजे बसमधून उतरून चिनी जाळ्यांपुढे फोटो, चर्चमध्ये दहा मिनिटं आणि मसाल्याच्या एका दुकानात पाऊण तास. असं कोची पाहिलेले लोक परत आल्यावर "काही खास नाही" म्हणतात, आणि त्यांनी जे पाहिलं त्यावरून ते बरोबरच आहे. या शहराला किमान दोन रात्री द्या. ते जमत नसेल तर अर्ध्या दिवसाचं दर्शन खुशाल वगळा आणि तो वेळ मुन्नारला द्या.

एक नाव, अनेक काठ

कोची हे सलग पसरलेलं शहर नाही. खाडी, कालवे आणि बेटं यांच्यात ते विखुरलेलं आहे. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, उत्तरेकडचं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने भरलं आणि इथलं खाडीचं मुख मोकळं झालं, असं मानलं जातं. पोर्तुगीज १५०० मध्ये इथे पोहोचले, डचांनी १६६३ मध्ये त्यांना हुसकावलं आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांची जागा घेतली. युरोपियनांची वस्ती समुद्राच्या तोंडाशी, राजाचा वाडा आणि बाजार तिथून थोडा आत, सरकारी कचेऱ्या पलीकडच्या काठावर, अशी ही वाटणी होत गेली. या सगळ्या वस्त्या एका महापालिकेखाली आल्या त्या १९६७ मध्ये. नावांचा गोंधळ आहे तो त्यामुळेच.

तुमच्या कामापुरता नकाशा असा:

- एर्नाकुलम: मुख्य भूमीवरचं आजचं शहर. रेल्वे, मेट्रो, मोठी हॉटेलं, दवाखाने, कापडाची दुकानं इथे. जिल्ह्याचं नावही एर्नाकुलमच.
- फोर्ट कोची: समुद्राच्या तोंडावरची जुनी युरोपियन वस्ती. पायी हिंडण्याजोगी.
- मट्टनचेरी: फोर्ट कोचीला लागून. राजवाडा, सिनेगॉग, मसाल्याच्या वखारी, आणि गुजराती, कोकणी, कच्छी, तमिळ वस्त्या.
- विलिंग्डन बेट: माणसाने घडवलेलं. सर रॉबर्ट ब्रिस्टो हे अभियंते १९२० मध्ये इथे आले, खाडीच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा बांध त्यांनी उपसला आणि उपशाच्या गाळातूनच हे बेट उभं केलं. आजचं बंदर आणि नौदलाचा तळ इथे आहे.
- वैपिन, बोळगाट्टी, वल्लारपाडम: उत्तरेकडची बेटं. २००४ मध्ये झालेल्या गोश्री पुलांनी ती एर्नाकुलमशी जोडली गेली. वल्लारपाडमवर कंटेनरचं टर्मिनल आहे.

तिकीट काढताना

सगळ्यात महागात पडणारी चूक तिकीट काढतानाच होते. मुंबईहून केरळला जाणाऱ्या गाड्यांच्या यादीत 'कोचुवेली' हे नाव दिसतं. ते कोचीचंच एखादं उपनगर असेल असं समजून लोक तिकीट काढून मोकळे होतात. कोचुवेली आहे तिरुवनंतपुरममध्ये, म्हणजे कोचीहून सुमारे दोनशे किलोमीटर पुढे. २०२४ मध्ये या स्थानकाचं नाव बदलून 'तिरुवनंतपुरम नॉर्थ' केलं, पण जुनं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

एर्नाकुलममध्ये मुख्य स्थानकं दोन. 'जंक्शन' म्हणजे साउथ, त्याचा कोड ईआरएस. 'टाउन' म्हणजे नॉर्थ, त्याचा कोड ईआरएन. काही गाड्या एकाच ठिकाणी थांबतात. जाताना चुकलं तर फारसं बिघडत नाही, रिक्षा करता येते. परतीच्या दिवशी चुकलं तर गाडी जाते. तिकिटावरचा कोड आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

कोकण रेल्वेने जायचं तर नेत्रावती एक्स्प्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटते. मंगला एक्स्प्रेस दिल्लीहून येते आणि कल्याण-पनवेलमार्गे जाते, मुंबईच्या टर्मिनसवर येत नाही. प्रवास जवळजवळ एक दिवस आणि एक रात्रीचा. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्यांचा वेग कमी होतो आणि सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा बदलतात. तिकीट एप्रिलमध्ये काढून प्रवास जुलैमध्ये असेल तर निघण्याआधी वेळ पुन्हा तपासा.

विमानतळ नेदुंबासेरीला आहे, एर्नाकुलमपासून सुमारे तीस किलोमीटर आणि फोर्ट कोचीपासून चाळिसेक. पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून २०१५ मध्ये याचं नाव झालं. फोर्ट कोचीपर्यंत दीड ते दोन तास धरा, संध्याकाळी त्याहूनही जास्त. प्रीपेड टॅक्सी सोपी पडते. सामान हलकं असेल तर विमानतळावरून आलुवा मेट्रो स्थानकापर्यंत बस आणि पुढे मेट्रो हा स्वस्त मार्ग आहे.

मुक्काम: फोर्ट कोची की एर्नाकुलम?

पहाटेची गाडी किंवा विमान पकडायचं असेल, सोबत कुणी दवाखान्याच्या कामासाठी आलेलं असेल किंवा एकच रात्र काढून मुन्नारला निघायचं असेल, तर एर्नाकुलम. बाकी सगळ्यांनी फोर्ट कोचीत राहावं.

कारण साधं आहे. दिवसाच्या सहलीच्या बसगाड्या सकाळी दहानंतर येतात आणि संध्याकाळी परततात. गल्ल्या मोकळ्या असतात त्या त्याआधी आणि त्यानंतर. एर्नाकुलमला राहणाऱ्याला नेमके हेच तास मिळत नाहीत. फोर्ट कोचीत जुन्या घरांमधून चालवलेली होमस्टे भरपूर आहेत. खोली ठरवताना तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: वातानुकूलन भाड्यात धरलं आहे की वेगळं, न्याहारी आहे का, आणि जिना किती उभा आहे. जुन्या घरांतले लाकडी जिने गुडघेदुखी असलेल्यांची परीक्षा घेतात.

बोटीचे तीन पर्याय

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्याने जाता येतं, पण पूल ओलांडत, वाहतुकीत अडकत. बोटीने गेलात तर पैसे कमी लागतात आणि या शहराची रचना पंधरा-वीस मिनिटांत आपोआप डोक्यात बसते: एका बाजूला विलिंग्डन बेटाचे धक्के आणि क्रेन, दुसरीकडे वल्लारपाडमला लागलेली कंटेनरची जहाजं, समोर खाडीचं तोंड.

- राज्य जलवाहतूक खात्याची बोट: एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेट्टीवरून फोर्ट कोची आणि मट्टनचेरीला जाते. बाकडी साधी, तिकीट अगदी मोजक्या रुपयांचं. रोज कामाला जाणारे कोचीकर याच बोटीत भेटतात. कठड्याजवळची जागा धरा.
- वॉटर मेट्रो: एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी, धक्क्याच्या पातळीशी जुळणारा तरंगता फलाट, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून किंवा बाबागाडी घेऊनही थेट आत जाता येतं. ज्येष्ठांसोबत असाल तर हाच पर्याय निवडा. एर्नाकुलममध्ये 'हायकोर्ट' धक्क्यावरून फोर्ट कोचीची बोट सुटते. मोठ्या बोटीत शंभर माणसं मोजून घेतात आणि मग फाटक बंद. रविवारी आणि सुट्टीला रांग मोठी असते.
- रो-रो: फोर्ट कोची ते वैपिन. गाड्या आणि माणसं दोन्ही नेणारी सपाट बोट. पलीकडे पोहोचायला काही मिनिटंच लागतात. गाडी नसली तरी चढता येतं. चिनी जाळी पाण्याच्या बाजूने पाहायची सगळ्यात स्वस्त सोय हीच.

एर्नाकुलमच्या मरीन ड्राइव्हवर खासगी बोटींचे दलाल 'हार्बर क्रूझ' म्हणून मागे लागतात. त्यातला बराचसा देखावा सरकारी बोटीतून दिसतोच. तरीही खासगी बोट घ्यायची असेल तर लाइफ जॅकेट मोजून घ्या, अंगात घाला आणि मगच बोट सोडू द्या. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण दगावले. क्षमतेहून जास्त माणसं कोंबलेली ती बोट मुळात मासेमारीची होती. गर्दी दिसली तर पैसे बुडाले तरी चालतील, उतरा.

शेवटची बोट किती वाजता, हे जाताना तिकीट खिडकीवर विचारून ठेवा. आणि नौदलाच्या हद्दीचे, युद्धनौकांचे फोटो काढू नका. ड्रोन तर घरीच ठेवा.

कुठला वार कशासाठी

कोचीत लोकांचा सर्वांत जास्त हिरमोड बंद दरवाजांपुढे होतो. इथे प्रत्येक वास्तूची सुट्टी वेगळ्या वारी असते, म्हणून तारखा ठरवण्याआधी हे पाहा.

- शुक्रवार: मट्टनचेरी राजवाडा बंद. सिनेगॉगचाही भरवसा धरू नका.
- शनिवार: सिनेगॉग बंद. ज्यू सणांच्या दिवशीही बंद.
- रविवार: सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, पाहुण्यांना नंतर आत जाता येतं. राजवाडा आणि सिनेगॉग उघडे, पण मसाल्याचा घाऊक बाजार थंड.
- सोमवार: एर्नाकुलमजवळच्या त्रिपुणितुराचा हिल पॅलेस आणि फोर्ट कोचीतलं इंडो-पोर्तुगीज संग्रहालय बंद. मट्टनचेरी चालू.

म्हणजे मट्टनचेरीसाठी सोमवार ते गुरुवार. शुक्रवार ते रविवारच हाताशी असतील तर शुक्रवारी हिल पॅलेस करा, शनिवारी फोर्ट कोची आणि रविवारी मट्टनचेरी. सिनेगॉग दुपारी मधल्या वेळात बंद असतं, त्यामुळे सकाळीच गाठा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, चपला बाहेर.

फोर्ट कोची: किल्ला शोधू नका

महाराष्ट्रातून आलेला माणूस 'फोर्ट' ऐकून तटबंदी शोधू लागतो. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला होता खरा. भारतातला हा त्यांचा पहिला किल्ला. डचांनी तो आटोपशीर केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी उरलासुरला पाडला. आता समुद्रकाठी दगडांचे काही अवशेष आणि डच बुरुजाच्या जागेवरचा बॅस्टियन बंगला एवढंच उरलं आहे. सिंधुदुर्ग पाहिलेल्यांनी इथे तटाची अपेक्षा ठेवूच नये. रस्ते आणि घरं पाहावीत.

सकाळी सातच्या सुमारास चिनी जाळ्यांपाशी जा. सूर्यास्ताच्या फोटोसाठी संध्याकाळी तिथे झुंबड असते, पण जाळ्यांचं काम समजतं ते सकाळी. एक भला मोठा लाकडी सांगाडा काठावर रोवलेला असतो. त्याच्या एका टोकाला चौकोनी जाळं ताणून बांधलेलं, दुसऱ्या टोकाला दोरांवर वेगवेगळ्या उंचीवर धोंडे टांगलेले. एक जण आडव्या वाशावरून पुढे चालत जातो, त्याच्या वजनाने तोल ढळतो आणि जाळं सावकाश पाण्यात उतरतं. काही मिनिटांनी चार-सहा जण दोर ओढू लागतात. धोंडे एकामागून एक खाली येत जमिनीला टेकतात आणि पाणी निथळत जाळं वर येतं. बहुतेक वेळा त्यात मूठ-दोन मूठ चंदेरी मासे, एखादा खेकडा आणि बरंचसं शेवाळ असतं. जाळी चीनहून थेट आली की मकाववरून पोर्तुगीजांनी आणली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जाळ्यांना आता सागाऐवजी लोखंडी नळ लावलेत, ते डोळ्यांना खुपतात. पण जाळी ओढणाऱ्याला तेच परवडतात.

तिथून पायी पाच मिनिटांवर सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि त्याला इथे पुरलं. पुढे १५३० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. आत गेल्यावर उजव्या-डाव्या बाजूंना बघत फरशीवरचा कठड्याने वेढलेला दगड शोधा. ती त्याची मूळ जागा. मग मान वर करा. लांबलचक कापडी पंखे टांगलेले आहेत आणि त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. पूर्वी बाहेर उन्हात बसून पंखेवाले ते ओढत आणि आत साहेब लोक गारव्यात प्रार्थना करत. भिंतींत बसवलेले डच थडग्यांचे दगडही वाचण्याजोगे आहेत. चर्च आधी कॅथलिक, मग डचांचं प्रोटेस्टंट, मग इंग्रजांचं अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ साउथ इंडियाचं.

सांताक्रूझ बॅसिलिकाची आजची इमारत १९०५ ची आहे. पोर्तुगीजांची मूळ इमारत इंग्रजांनी पाडली. रंगीत छतासाठी आत जरूर डोकवा. डच दफनभूमी १७२४ ची, सहसा कुलूपबंद, फाटकातूनच पाहून पुढे व्हा. वेली भागातला धोबीखाना मात्र चुकवू नका. डचांच्या सैनिकांचे कपडे धुण्यासाठी तमिळ मुलखातून आणलेल्या वण्णार लोकांचे वंशज इथे अजूनही हातानेच कपडे धुतात आणि कोळशाच्या इस्त्र्या वापरतात. ते कामाचं ठिकाण आहे, फोटोआधी विचारा.

समुद्रकिनारा पोहण्याचा नाही. पाण्याला ओढ आहे आणि पावसाळ्यानंतर जलपर्णीचे थर काठाला लागतात. पाण्यात उतरायचंच असेल तर वैपिन बेटावरचा चेराई किनारा, सुमारे पंचवीस किलोमीटर.

मट्टनचेरी: इथे घाई नको

राजवाड्याला 'डच पॅलेस' म्हणतात, पण तो सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी नंतर त्याची दुरुस्ती केली. बाहेरून अगदीच साधा दिसतो आणि म्हणून अनेक जण दारातूनच परततात. आत शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत: गेरू, हिरवा आणि पिवळा रंग, एकही कोपरा रिकामा न सोडता भरलेली. ती सावकाश पाहायला किमान अर्धा तास ठेवा. वाड्यातल्या जुन्या नकाशांवरून बंदराचं तोंड कसं बदलत गेलं तेही दिसतं.

मागच्या गल्लीत परदेशी सिनेगॉग, १५६८ चं. जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, वर काचेची झुंबरं. १९४८ नंतर इथले ज्यू इस्रायलला गेले. आता समाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. रायगडमधल्या वाचकांना यातला एक धागा जवळचा वाटेल. अलिबाग-पेण भागातल्या बेने इस्रायल समाजाला धर्मशिक्षण देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कोचीहून शिक्षक गेले होते.

याहून जवळचा धागा चेरलाई भागात आहे. सोळाव्या शतकात आणि त्यानंतर गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली. त्यांचं तिरुमल देवस्थान हे वेंकटेशाचं देऊळ आजही नांदतं आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेन्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि त्यांच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांचं १६७५ चं कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात नागरी लिपीत छापलं आहे. चेरलाईत दुकानात किंवा देवळाबाहेर कुणी आपसात बोलत असेल तर कान द्या. मल्याळी हेल लागलेली ती कोकणी मालवण-सावंतवाडीकडच्यांना बरीचशी कळते.

देवळात जायचं तर केरळचा रिवाज पाळा. पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो आणि अनेक ठिकाणी पँट चालत नाही. पिशवीत एक पंचा किंवा मुंडू असू द्या.

बझार रोडवर वखारी आहेत. दार अर्धं उघडं, आत सुंठ आणि मिरीच्या गोणींच्या थप्प्या, बाहेर हातगाडी. कोचीतल्या मिरीच्या वायदेबाजाराची संघटना १९५७ ची. आता बऱ्याच वखारींची कॅफे आणि चित्रदालनं झाली आहेत. तरी कामाच्या दिवशी सकाळी मालाची चढउतार चालू असते, ती पाहायला मिळते. जवळच गुजराती वस्ती आणि धर्मनाथाचं जैन मंदिर आहे. दुपारी बाराच्या सुमारास तिथे कबुतरांना दाणे घालतात.

माशांची नावं पाठ करून जा

मेनूवर मल्याळी नावं असतात आणि मासे मात्र आपल्याच ओळखीचे. अयला म्हणजे बांगडा, मत्ती म्हणजे तारली, नेय्मीन म्हणजे सुरमई, आवोली म्हणजे पापलेट, चेम्मीन म्हणजे कोळंबी. करीमीन हा खाडीतला मासा मात्र आपल्याकडे सहसा मिळत नाही. तो केळीच्या पानात भाजलेला मागवा. आमटीला आंबटपणा कुडमपुळीचा, ती आपल्या आमसुलाची जवळची नातलग. भात जाडा आणि लालसर येतो. पांढरा हवा असेल तर आधी सांगा.

जाळ्यांजवळच्या टपऱ्यांवर मासा निवडून शेजारी शिजवून घेता येतो. इथे भाव दोनदा ठरवायचा असतो: एकदा मासा वजनावर, एकदा शिजवण्याची मजुरी. दोन्ही आधी ठरवा आणि वजन डोळ्यांसमोर करून घ्या. ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत केरळात यांत्रिक बोटींच्या ट्रॉल मासेमारीला बंदी असते. त्या काळात समुद्राचा मासा महाग आणि बर्फातला मिळण्याची शक्यता जास्त.

शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही. एर्नाकुलममध्ये उडपी धाटणीची हॉटेलं आहेत आणि मट्टनचेरीत गुजराती खाणं मिळतं. खोबरेल तेलाचा वास सोसत नसेल तर तसं सांगून ठेवा.

फसगत आणि तुमचे हक्क

- स्वस्तातली रिक्षा: "शंभर रुपयांत सगळं फोर्ट कोची दाखवतो" म्हणणारा चालक तुम्हाला दोन-तीन हस्तकलेच्या दुकानांत नेणार, कारण त्याला तिथे कमिशन मिळतं. 'दुकान नको' हे बसण्याआधीच सांगा. फोर्ट कोची मुळात पायी होतं. रिक्षा लागते ती मट्टनचेरीला जायला, आणि ती मीटरने मागा.
- जाळं ओढायचं आमंत्रण: "या, दोर धरा" म्हटलं की नंतर बक्षिशी मागितली जाते. द्यायला हरकत नाही, पण किती ते आधी ठरवा.
- मसाले: दुकानातल्या सुट्या मालाला सुंदर नाव आणि तिप्पट भाव असतो. पाकीटबंद माल घेताना छापील किंमत, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक पाहा. हे छापणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. केशर घ्यायचं तर कोचीत घेऊच नका, ते इथे पिकत नाही.
- 'प्राचीन' वस्तू: मट्टनचेरीत सिनेगॉगभोवतीच्या ज्यू टाउनमधल्या बऱ्याच वस्तू नव्याच घडवून जुन्या दिसतील अशा केलेल्या असतात. आणि एखादी खरोखर शंभर वर्षांहून जुनी निघाली, तर १९७२ च्या कायद्यानुसार ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून आलेल्या नातलगांना हे आवर्जून सांगा.
- सेवाशुल्क: हॉटेलच्या बिलात ते आपोआप जोडता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. काढायला सांगा.

कधी जावं

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वांत सोसवणारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी गडगडाटी पाऊस येतो. बाहेरची ठिकाणं सकाळी उरका. मार्च ते मे घामाने जीव नकोसा होतो. दर दोन वर्षांनी भरणारं कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन २०१२ मध्ये सुरू झालं. डिसेंबरपासून काही महिने ते जुन्या वखारींतून चालतं. तुमची सहल त्या काळात येते का ते आधी पाहा, कारण एरवी बंद असणाऱ्या इमारतींत तेव्हा शिरायला मिळतं.

३१ डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीत 'पप्पांजी' नावाच्या म्हाताऱ्याचा अजस्र पुतळा जाळतात आणि त्यासाठी प्रचंड गर्दी लोटते. मुक्काम फोर्ट कोचीतच असेल तरच या रात्री तिथे जा. एर्नाकुलमला परतायचं असेल तर बोटीची आणि बसची रांग पहाटेपर्यंत हलत नाही, लहान मुलांना घेऊन तर हा धोका पत्करू नका.

अडचणीत तातडीची मदत ११२ वर, पर्यटकांसाठीची केंद्र सरकारची माहिती १३६३ वर आणि बिलाबद्दलची तक्रार ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ वर. तक्रारीसाठी छापील बिल हाताशी असावं लागतं, त्यामुळे मसाल्याच्या पाकिटापासून होमस्टेच्या भाड्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी ते मागून घ्या.